रंभाकाकींची काशाची वाटी

रंभा भोईर मूळच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या. आता तिथे उंचच उंच इमारती झाल्या आहेत, पण रंभाकाकी लहान होत्या तेव्हा त्यांचे वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला जायचे. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. संध्याकाळी घरी आले की तळव्यांना भेगा पडलेल्या असायच्या, आग व्हायची आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. मग काकींची आई त्यांच्यासमोर बसकण मारायची, पाय मांडीवर घ्यायची आणि काशाच्या वाटीने तळवे घासायला लागायची. तेल घरचंच. बांधावरची ब्राह्मी आणि माका ठेचून रस काढायचा आणि तो खोबरेल तेलात मंद आचेवर कढवायचा. वाटी फिरायला लागली की वडील आधी मुकादमाला शिव्या घालून घ्यायचे. हळूहळू शिव्या लांबत जायच्या, जड व्हायच्या आणि एखादी शिवी मध्येच अर्धी राहायची. ती अर्धी राहिली की आई हळूच म्हणायची, "झोपलं." मग पोरांनी बोलायचं नाही.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन काकी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला आल्या, त्या येताना भांड्यांबरोबर ती वाटी घेऊन आल्या. नवरा धाकू भोईर. स्वभावाने सरळ, पण तापट. शेती होती तोवर शेजारच्या बांधावरून भांडायचा, शेती जाऊन इमारती आल्या तेव्हा बिल्डरशी भांडायला लागला आणि आता सोसायटीत राहायला आल्यावर पार्किंगवरून भांडतो. प्रत्येक भांडणाच्या दिवशी काकींनी त्याचे पाय ओढून घ्यायचे आणि वाटी फिरवायची, हे चाळीस वर्षं चाललंय.

शेत गेलं तरी ब्राह्मी गेली नाही. इमारतीच्या मागे पाण्याचा एक पाइप गळतो. तिथे बारा महिने ओल असते आणि त्या ओलीत ब्राह्मी अशी पसरली आहे, की जणू कुणी हिरवी सतरंजीच अंथरली आहे. सोसायटीतले सगळे त्या गळतीबद्दल तक्रार करतात. काकी मान डोलावतात आणि मनातल्या मनात देवाला म्हणतात, त्या प्लंबरला एवढ्यात इकडे पाठवू नको.

काकींच्या मुलाचं, प्रफुल्लचं लग्न विनिताशी झालं. विनिता फलटणकडची. शिकलेली, वागळे इस्टेटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तीन दिवस ऑफिसला जायचं, दोन दिवस घरून काम. सासूसुनेचं पहिल्यापासून बरं होतं. विनिताला आगरी बोली आधी कळायची नाही, पण सान्वी जन्मली, बोलायला लागली आणि आजीच्या आणि आईच्या मधे दुभाषी झाली. आता सान्वी आठ वर्षांची आहे आणि विनिताला सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही.

या दिवाळीनंतर विनिताच्या कंपनीला परदेशातलं एक नवीन काम मिळालं आणि तिचं तंत्र बिघडलं. चहा तीनतीनदा गरम करायची आणि तरी तो तसाच राहायचा. झोपेत दात इतके चावायची की दातांच्या डॉक्टरांनी तिला रात्री दातांवर बसवायला प्लास्टिकचं कवच करून दिलं. प्रफुल्ल म्हणायचा, "अगं, सुट्टी टाक ना दोन दिवस." त्यावर ती म्हणायची, "टाकली तर ते काम काय माझी वाट बघत बसणारे? डबल होऊन बसेल."

एक दिवस शार्पनर हरवला म्हणून ती सान्वीवर केवढ्यानं तरी ओरडली. पोरगी घाबरून आजीमागे लपली. विनिता न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. काकी बाहेर भाजी निवडत होत्या. ज्या बाईनं जन्मभर हंडे वाहिले, तिला एक नक्की कळत होतं, की बादली भरल्याचा आवाज न येता नळ एवढा वेळ वाहतोय, म्हणजे आत कुणीतरी रडतंय.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वाटी घासूनपुसून बाहेर काढली.

"पोरी, पाय दे इकरं."

विनिता दचकून दोन पावलं मागे सरकली. "काय हे आई! तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा? अजिबात नको. माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

"पाय तुझं, हात माझं. तुझे आयशीचा काय मधी?"

"नाही म्हणजे नाही. बरं दिसत नाही ते."

काकींनी पुन्हा आठ दिवसांनी विचारलं, पुन्हा नाही. मग त्यांनी मोठ्या आशेने धाकूला मधे घातलं. तो सुनेला म्हणाला, "मना कवा इचारलं नाय बग तिनं. सरल पाय वरलान." सरळ पाय कसे ओढले, ते त्यानं हातानं करूनही दाखवलं, पण विनिता हसून टाळून गेली. तिची अडचण काकींना कळत होती. त्यांच्या स्वतःच्या सासूने त्यांचे पाय धरले असते तर त्यांनी उडीच मारली असती. पण कळूनही त्यांना राहवत नव्हतं, कारण त्या मुलीचे डोळे आता मिठागरातून परत आलेल्या माणसासारखे लाल दिसायला लागले होते.

मग तो बुधवार आला. विनिता घरून काम करत होती. दुपारी चारला मीटिंग सुरू झाली. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, समोर विनिता, कॅमेरा बंद, माइक बंद, नुसतं ऐकायचं. तिचं डोकं इतकं दुखत होतं की तिनं पाय समोरच्या स्टुलावर टाकले होते आणि मान मागे टेकली होती. काकी जमिनीवर येऊन बसल्या. तेलाची बरणी उघडली.

"आई, मीटिंग चालू आहे."

"चालू दे की. कान वर हायेत, पाय खाली हायेत. तुझा काय अरलाय?"

विनिताच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. ती "पाचच मिनिटं हं" म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. काकींनी उजव्या तळव्यावर तेल घातलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. टाचेकडून बोटांकडे, मग गोल, मग परत टाचेकडे. तळवे दगडासारखे कडक होते. आधी विनिता अवघडून बसली होती, पाय निम्मा मागे ओढलेला. मग तो सैल पडला. डावा पाय हातात घेतला तेव्हा तिचा जबडा सुटला होता, तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि श्वास लांब चालला होता. लॅपटॉपमधून कुणीतरी आकडे वाचत होतं. काकी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "झोपलं."

तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "विनिता, तुझं अपडेट?"

काकींनी वर बघितलं, पण वाटी थांबवली नाही.

"विनिता? आवाज येतोय का? विनिता?"

सान्वी शेजारीच चित्र रंगवत बसली होती. "आजी, ते मम्मीला हाका मारतायत."

"मंग त्यांना सांग, गप बसा म्हना."

सान्वीला कुठलं बटण कशाचं ते घरातल्या मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं. तिनं उठून माइक चालू केला आणि तेवढ्यावर न थांबता कॅमेराही चालू केला, आणि आजी दिसावी म्हणून लॅपटॉपचं तोंड जरा खाली वाकवलं. वागळे इस्टेटमधल्या चौदा माणसांना एकदम दिसलं ते असं: खुर्चीत मान टाकून झोपलेली विनिता आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बसलेली, लुगड्याचा पदर खोचलेली, कोपरापर्यंत तेल माखलेली एक बाई.

मग विनिताचे साहेब, रवींद्र सोनावणे, चाचरत म्हणाले, "आपण... कोण?"

"मी तिची सासू. पोरीला हाका मारू नका. झोपलीय ती."

"झोपलीय? म्हणजे, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय नाय झाला. तीन आठवरं झोप नव्हती, ती आता आयलीय. तुमचा काय काम असंल ता मना सांगा. उठली का सांगतंय तिला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी विचारलं, "काकी, तुम्ही तिचे पाय चोळताय?"

"मंग काय करू? डोका तुमी सगली मिलून खाताव, म्हनून पाय मी चोलतंय."

आता मात्र हशाचा धबधबाच फुटला. त्या आवाजाने विनिता जराशी हलली. ते बघून सान्वीने घाईघाईने लॅपटॉपचं झाकणच बंद केलं.

विनिता सहाला उठली. चेहरा असा ताजा, की काकींना ती लग्नात दिसली होती तशी वाटली. पण सान्वीने घडलेला प्रकार अभिनयासकट करून दाखवल्यावर त्या ताज्या चेहऱ्याचा रंग उडाला. फोनवर सत्तावीस मेसेज. साहेबांचा एकच: "उद्या बोलू."

"गेली माझी नोकरी," ती म्हणाली. "आई, तुम्ही त्यांना डोकं खाता असं म्हणालात? रवींद्र सरांना?"

"एकल्याला नाय, सगल्यांना म्हनली," काकी म्हणाल्या. पण मनातून त्या घाबरल्या. आपल्यामुळे पोरीची नोकरी गेली तर काय करायचं? त्या रात्री वाटीची खरी गरज त्यांनाच होती. धाकूला ते कसं कोण जाणे कळलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोचे तळवे हातात घेतले आणि वाटी इतकी उलटीसुलटी फिरवली की काकींना गुदगुल्या होऊन हसूच आवरेना. हसताहसता त्या झोपून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विनिताच्या फोनवर सरांचा फोन आला. ती दोन वाक्यं बोलली आणि फोन काकींपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

काकींनी पदर सावरला. भांडायचीच वेळ आली तर भांडायचं, असं ठरवून त्यांनी फोन कानाला लावला.

"काकी, नमस्कार. मला एक विचारायचं होतं." साहेबांचा आवाज कालच्यापेक्षा बारीक होता. "ते तेल मला मिळेल का? मलाही झोप लागत नाही. आणि खरं सांगू का, कालची ती मीटिंग संपल्यावर आमच्यातले पाचजण तेच विचारायला आले माझ्याकडे."

काकींनी फोन हाताने झाकला आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, यांचे पन पाय दुखतान!"

असं ठरलं, की पुढच्या शुक्रवारी जेवणानंतर काकींनीच ऑफिसात यायचं. काकींनी आठवडाभर तयारी केली. गळक्या पाइपाजवळची ब्राह्मी खुडली, कल्याणच्या काष्ठौषधीच्या दुकानातून जटामांसी आणवली, माका ठेचला. तेल कढत असताना त्या शेजारून हलल्या नाहीत. रसाचं पाणी आटेपर्यंत तेल तडतडतं, तडतड थांबली की उतरवायचं. आधी उतरवलं तर तेलाला वास येतो, उशिरा उतरवलं तर करपतं. गल्लीतल्या चार घरांतून काशाच्या वाट्या गोळा केल्या.

शुक्रवारी प्रफुल्लने सासूसुनेला गाडीने सोडलं. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवी तपासली. पाच वाट्या, एक बरणी, जुनी धुतलेली धोतरं.

"मावशी, हे काय आहे?"

"साहेबांचं औषध," काकी म्हणाल्या, आणि तो बिचारा सलाम करून बाजूला झाला.

मीटिंगच्या खोलीत सगळे जमले होते. मोठमोठ्या खुर्च्या, थंडगार हवा, भिंतीएवढा पडदा. काकींना वाटलं, या थंडीत बसून ही माणसं तापतात कशी? त्यांनी खुर्च्या बाजूला करायला लावल्या, खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि सगळ्यांना बूट-मोजे काढायला सांगितलं. कुणी पाय लपवत होतं, कुणी दुसऱ्याच्या मोज्याला भोक आहे म्हणून खिदळत होतं. त्यांना वाटलं होतं, काकी एकेकाचे पाय चोळून देणार.

"मी काय चौदा जनांचे पाय चोलू? मी मेली मंग," काकी म्हणाल्या. "मी दाखवतंय. तुमी एकमेकांचं कराचा. चला, जोर्‍या लावा. बाया बायांत, पोरं पोरांत."

पाच वाट्या, म्हणून आधी पाच जोड्या. चार जोड्यांनी लगेच वाट्या उचलल्या, बाकीचे जोडीदार धरून पुढच्या फेरीला थांबले. ऋतुराज म्हणून एक मुलगा होता, वर्षभरापूर्वी कामाला लागलेला. तो कोपऱ्यात एकटाच राहिला. आणि दुसरे उरले होते साहेब.

"तुमी याचं पाय धरा," काकी साहेबांना म्हणाल्या.

"सर, नको ना, प्लीज," ऋतुराज ओरडला. "मी धरतो ना तुमचे!"

विनिताने डोळे मिटून घेतले. पण रवींद्र सोनावणे पँट सावरत खाली बसले, मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "काकी, टाचेकडून सुरुवात ना?"

पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. कुणाला गुदगुल्या, कुणाची वाटी हातातून सटकते, कुणी फोटो काढतंय. मग हळूहळू खोलीत शांतता पसरली. वाट्यांचा घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. काकी मधून फिरत होत्या. "जोर नको लावू, ती काय कढई हाय?" "हां, आता बरा." एका मुलीने आपला तळवा उलटा करून बघितला. तो करडा पडला होता. "काकी, ही उष्णता बाहेर आली ना?"

दुसरी म्हणाली, "अगं, धातूची आणि घामाची रिअ‍ॅक्शन असते ती. मी वाचलंय."

"असंल," काकी म्हणाल्या. "तुना बरा वाटलं का? मंग झाला."

तेवढ्यात ऋतुराज अर्धवट झोपेत, डोळे मिटूनच बोलला. "सर, ते रविवारचे मेसेज बंद करा ना. रविवारी फोन वाजला की मी तो उशीखाली लपवतो."

खोलीतल्या सगळ्या वाट्या थांबल्या. ऋतुराजचे डोळे खाडकन उघडले. त्याने पाय ओढायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

"रविवारी मला वरून मेसेज येतात रे," साहेब म्हणाले. "मी ते पुढे ढकलतो. ढकलले की माझ्या डोक्यातून गेले असं वाटतं." त्यांनी पुन्हा वाटी फिरवायला सुरुवात केली. "तुझ्या डोक्यात जातात, हे मी बघितलंच नव्हतं."

काकींना मेसेजचं सगळं कळलं नाही, पण सूर कळला. त्या म्हणाल्या, "बोला, बोला. पाय धरल्यावर मानूस खोटा बोलत नाय."

मग एकेकजण बोलायला लागला. कुणी जोरात बोललं नाही. पायाला तेल लावून घेताना माणसाला जोरात बोलताच येत नाही.

एकच मुलगी या सगळ्यात नव्हती. मृणाल. ती दाराशी बूट घालूनच उभी होती आणि हसायच्या जागी हसत होती. काकी चहाच्या खोलीत हात धुवायला गेल्या तेव्हा ती मागोमाग आली.

"काकी, मला थोडं जास्त तेल द्याल? मला महिनाभर झोपच नाही. आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही. जेवावंसंही वाटत नाही. का उठायचं, असं होतं."

काकींचा हात नळाखालीच राहिला. त्यांची धाकटी जाऊ बाळंतपणानंतर अशीच झाली होती. घरच्यांनी तिला दोन वर्षं तेलं लावली, अंगारे लावले, आणि शेवटी कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती माणसांत आली. ती दोन वर्षं वाया गेली, याचं काकींना आजही वाईट वाटतं.

"पोरी, मी तुना तेल देतंय. खुशाल लाव," त्या म्हणाल्या. "पन यी तेलाची गोष्ट नाय. यी डाक्टरची हाय. ताप आला तर जाशील का नाय? तसाच ह्यो. उद्याच जा. एकली नको जाव, विनिता येल तुझ्याबरोबर."

मृणालला रडू आलं. काकींनी तिला जवळ घेतलं, हात ओले होते म्हणून कोपरांनीच. दुसऱ्या दिवशी शनिवारी विनिता खरंच तिच्याबरोबर गेली. मृणालचं औषध अजून चालू आहे. परवा ती विनिताला म्हणाली, आता तिला पहाटे भूक लागते आणि त्याचाच त्रास होतो.

त्या शुक्रवारनंतर काय काय झालं, ते सांगायचं तर फार मोठं काही झालं नाही. कामं तेवढीच राहिली. रविवारचे मेसेज पूर्ण बंद झाले नाहीत, पण आठवड्याला एखादाच येतो आणि त्याच्या आधी साहेब "सॉरी" लिहितात. विनिताने चहा वेळेवर प्यायला सुरुवात केली. दातांचं कवच अजून लावते, पण आता ती कधीकधी ते लावायचं विसरते आणि सकाळी जबडा दुखत नाही. पायाला हात लावू देण्याबद्दल तिची कुरकुर संपली. फक्त एक अट तिने घातली आहे. मीटिंगच्या वेळी नाही.

ऑफिसातल्या एका मुलाने तेलाच्या बाटल्या काढायची कल्पना मांडली. लेबलसुद्धा करून आणलं होतं, त्यावर काकींचं चित्र. चित्रातली बाई काकींपेक्षा तीस वर्षांनी तरुण होती. धाकूने ते लेबल बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "यी कोन?"

काकींनी नको म्हणून सांगितलं. "जेवरी ब्राह्मी उगवतं तेवराच तेल. इकायला लागली का मना झोप नाय लागाची. मंग माझं पाय कोन चोलंल? ह्यो?" असं म्हणून त्यांनी धाकूकडे बोट केलं. त्याऐवजी त्यांनी चहाच्या कागदी कपांत मुळासकट ब्राह्मी लावून चौदा कप ऑफिसात पाठवले आणि तेल कसं कढवायचं ते विनिताकडून लिहून घेतलं. साहेबांनी पहिल्यांदा केलेलं तेल करपलं. त्यांच्या बायकोने त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून दिलं, हे त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं.

गेल्या महिन्यात काकी जटामांसी आणायला पुन्हा कल्याणला गेल्या. या वेळी विनिताने सुट्टी टाकली आणि ती बरोबर आली. दुकानदार ओळखीचा. त्याने पुडी बांधताबांधता विचारलं, "काय मावशी, हल्ली दर महिन्याला? घरात कुणी आजारी आहे का?"

"घरात नाय ओ. कंप्युटरवाले हायेत. उन्हात जात नायत, तरी तापतान."

विनिता हसत सुटली. पुडी पिशवीत टाकून दोघी बाहेर आल्या, कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात उसाचा रस प्यायल्या आणि विनिता म्हणाली, "आई, सुट्टी पूर्ण दिवसाची आहे. आता घरी जाऊन काय करायचं?" काकींनाही घाई नव्हती. कोलशेतला त्यांचा एक भाऊ राहतो, तिकडे जाऊन बरेच दिवस झाले होते. दोघींनी ठाण्याकडे जाणारी बस पकडली.